जाफन्याला गट नेताना: सात रात्रींचा आराखडा आणि त्यातल्या अडचणी

प्रश्न मालवणच्या एका गटाचा आहे. सोळा जण: होमस्टे चालवणारी चार जोडपी, दोन निवृत्त शिक्षक, मच्छीमार सोसायटीतले तिघे, एक माजी सैनिक आणि सत्तरी ओलांडलेल्या दोन बायका. श्रीलंकेतली कँडी-नुवारा एलियाची नेहमीची फेरी त्यांना नको आहे. युद्धातून सावरणारा उत्तरेचा भाग, म्हणजे जाफना आणि आसपास, सात रात्रींत बघायचा आहे. केव्हा जावं, कसं जावं, किती ठिकाणं घ्यावीत आणि तिथे धोका आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

धोक्याचं आधी सांगतो, कारण घरच्यांची खात्री पटल्याशिवाय कपाटातला पासपोर्ट बाहेर येत नाही. श्रीलंकेचं सरकार आणि एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना यांच्यातलं युद्ध जुलै १९८३ मध्ये पेटलं आणि १८ मे २००९ रोजी संपलं. त्यानंतरही काही वर्षं परदेशी माणसाला उत्तरेत जायला संरक्षण खात्याची परवानगी लागायची. ती अट २०१५ मध्ये उठली. आज जाफन्यात बायका रात्री आठ वाजता देवळातून चालत घरी जातात. गटाला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टींनी: डांबर सोडून झुडपात शिरणं, भरलेल्या बोटी, दुपारचं ऊन, अंधारात केलेला लांबचा रस्ता आणि नको तिथे सुटलेली जीभ. पुढचं बहुतेक उत्तर या पाच गोष्टींभोवतीच फिरेल.

काळ ठरवणं कोकणातल्या माणसाला तसं सोपं आहे. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा श्रीलंकेचा उत्तर आणि पूर्व किनारा कोरडा असतो. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. आंबा संपलेला, होमस्टे रिकामे, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे तुमच्या गटाला सवड आणि तिथे उघडीप एकाच वेळी. लावणी आटोपली की आषाढात निघा. श्रावणावर ढकलू नका. जाफन्याच्या नल्लूर कंदस्वामी मंदिराचा पंचवीस दिवसांचा उत्सव साधारण श्रावण शुद्ध षष्ठीच्या आसपास सुरू होतो आणि अमावास्येपर्यंत चालतो. उत्सव बघण्यासारखा आहे, पण त्या काळात जाफन्यात सोळा जणांच्या खोल्या एका हॉटेलात मिळणं कठीण. परदेशातले तमिळ वर्षभर आधी बुकिंग करून ठेवतात. शिवाय श्रावणात तुमच्यातल्या निम्म्यांचा मासा बंद, आणि जाफन्याला जाऊन कुर्ल्यांचं कालवण न खाता परत येणं मालवणच्या माणसाला शोभत नाही. दोन तारखा मात्र पक्क्या टाळा: १८ मे आणि २७ नोव्हेंबर. त्या दिवशी उत्तरेत मृतांचं स्मरण होतं, बंदोबस्त वाढतो आणि कॅमेरा घेऊन फिरणारी बस कुणालाच नको असते.

आता मार्ग. बहुतेक एजंट मुंबई-कोलंबो-मुंबई तिकीट काढतात आणि जाफन्याला जाऊन-येऊन आठ-आठ तासांचे दोन दिवस गाडीत घालवतात. त्याऐवजी एका टोकाने आत जा, दुसऱ्या टोकाने बाहेर पडा. चेन्नईहून जाफन्याच्या पलाली विमानतळावर छोटी एटीआर विमानं जातात. उलट क्रम, म्हणजे कोलंबोला उतरून जाफन्याहून परतणं, मला पटत नाही. छोटं विमान रद्द झालं तर जाताना तुम्ही चेन्नईत अडकता, तिथे हॉटेलही मिळतं आणि बोलणंही निभतं. येताना रद्द झालं तर सोळा जणांना रातोरात कटुनायके गाठावं लागतं. कोलंबोचा मुख्य विमानतळ कटुनायकेला आहे, शहराच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटर, आणि तिथून मुंबईला थेट विमानं आहेत. तेव्हा मोपाहून किंवा मुंबईहून चेन्नई, तिथे एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी जाफना. परतताना अनुराधापूर, नेगोंबो करत कटुनायके आणि थेट मुंबई.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक विसरू नका. जूनच्या मध्यापासून गाड्या कमी वेगाने धावतात आणि एखादी दरड आली की सगळा हिशेब कोलमडतो. जाताना रेल्वेने मुंबई गाठणार असाल तर विमानाच्या आदल्या दिवशी सकाळपर्यंत पोचणारी गाडी घ्या. पहाटे उतरून दुपारचं विमान, हा जुगार सोळा जणांच्या जिवावर खेळू नये.

कागदपत्रांत नेहमी एकाच जागी घोळ होतो: नाव. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. प्रवेश परवान्याचा अर्ज, ज्याला ईटीए म्हणतात, तो भरताना एजंटचा पोऱ्या फक्त पहिलं नाव आणि आडनाव टाकतो. विमान तिकीट, ईटीए आणि पासपोर्ट, तिन्हींवर अक्षर अन् अक्षर सारखं हवं. लग्नानंतर पॅनवर एक आडनाव आणि पासपोर्टवर दुसरं असलेल्या बायकांची यादी आधीच वेगळी काढा, कारण परदेशी सहलीच्या पैशांवर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला कर, कापला जातो आणि तो पॅनवर जमा होतो. विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने असावी. ईटीएचं शुल्क आणि सवलती गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदलल्या आहेत, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी सरकारी संकेतस्थळावरच बघा. त्या नावाशी मिळतीजुळती खासगी संकेतस्थळं जादा पैसे उकळतात.

गाडीसाठी तिथला लँड एजंट, म्हणजे गाडी-हॉटेलांची व्यवस्था बघणारा, "अठ्ठावीस सीटर कोस्टर" ही छोटी बस देईल. सोळा प्रवासी, तुमचा टूर लीडर आणि गाइड मिळून अठरा. ऐकायला ऐसपैस वाटतं. पण त्या अठ्ठावीसात मधल्या वाटेत उघडायच्या घडीच्या सीटाही मोजलेल्या असतात आणि गाडीला डिकी नसते. बॅगा मागच्या दोन रांगांत रचाव्या लागतात. म्हणून एजंटला सीटांचा आकडा न विचारता गाडीचा आतला फोटो मागवा, आणि गटाला सांगा: माणशी एक मऊ बॅग, पंधरा किलोच्या आत. कडक मोठ्या सुटकेसा आल्या की शेवटची रांग पुढे सरकते आणि त्या दोन आजींचे गुडघे अडकतात. एसी मागच्या सीटपर्यंत पोचतो का, तेही विचारा. जुलैत जाफन्यात पारा ३२-३४ अंशांवर असतो आणि वारा सुटलेला असला तरी तो गरमच असतो.

गाइड एक नको, दोन हवेत. हा खर्च वाचवायचा मोह प्रत्येक आयोजकाला होतो आणि तिथेच सहल बिघडते. श्रीलंकेत पर्यटन प्राधिकरणाचा परवाना असलेले राष्ट्रीय गाइड असतात, तसेच एखाद्या भागापुरते किंवा स्थळापुरतेही असतात. राष्ट्रीय गाइड बहुधा सिंहली भाषक मिळतो. तो माहितगार असतो, अनुराधापूर उत्तम दाखवतो. पण जाफन्याच्या बाजारात लोक त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. जाफन्याहून अनुराधापूरच्या वाटेवरच्या वावुनियापर्यंत तिथलाच तमिळ भाषक गाइड घ्या आणि वावुनियाच्या दक्षिणेला बदला. दोघांकडून एकाच युद्धाची दोन वर्णनं ऐकू येतील. ती जुळत नाहीत म्हणून गाडीत वाद घालू नका, कोण खरं ते त्यांना विचारू नका. ड्रायव्हर माजी सैनिक असू शकतो, गाइडचा भाऊ बेपत्ता असू शकतो, आणि त्या दोघांना पुढचे चार दिवस एका गाडीत काढायचे असतात.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी तासाभराची बैठक घ्या. त्यात हॉटेलांचे फोटो दाखवण्यापेक्षा तीन गोष्टी सांगा.

पहिली, भारताचा या युद्धातला भाग. जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर आपली शांतिसेना उत्तरेत उतरली. ऑक्टोबरात तीच एलटीटीईशी लढू लागली. जाफना शहरात लढाई झाली, आणि २१ व २२ ऑक्टोबरला तिथल्या सरकारी रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारल्या गेल्या. ते रुग्णालय आजही भर बाजारात चालू आहे आणि लोक विसरलेले नाहीत. दुसरीकडे सुमारे १,२०० भारतीय जवान तिथे कामी आले आणि मार्च १९९० पर्यंत शांतिसेना परतली. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही तिथे होत्या, त्यामुळे सिंधुदुर्गातल्या गटात कुणाचा तरी काका-मामा निघतोच. तुमच्या माजी सैनिकांना पलालीच्या शांतिसेना स्मारकावर जायचं असेल तर ते लष्करी परिसरात आहे. जाफन्यातल्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे आधी लेखी विचारणा करा. ऐनवेळी फाटकावर उभं राहून काही होत नाही. आणि "आपल्या फौजेने यांना वाचवलं" हे वाक्य जाफन्याच्या रिक्षात उच्चारू नका.

दुसरी, फोटो. लष्करी तळ, तपासणी नाके, पलाली विमानतळ, गणवेशातली माणसं यांचे फोटो नाहीत. ड्रोनला नागरी उड्डाण खात्याची परवानगी लागते. नसेल तर घरीच ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणं हा तिथे अपमान समजला जातो आणि त्यावरून पर्यटकांवर कारवाई झालेली आहे. एलटीटीईचं चिन्ह असलेली वस्तू कुणी आठवण म्हणून देऊ केली तर घेऊ नका. संघटनेवर दोन्ही देशांत बंदी आहे.

तिसरी, काय विचारायचं नाही. "तुमच्या घरचं कोण गेलं?" हा प्रश्न आपल्याकडे आपुलकीचा वाटतो, तिथे तो जखमेवर बोट ठेवतो. स्वतःहून कुणी सांगितलं तर ऐकून घ्या. शेतीचं, माशांचं, मुलांच्या शाळेचं विचारा. बाकीचं यायचं तर त्यातूनच येतं.

जाफन्यात तीन रात्री द्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी फक्त नल्लूर. पुरुषांनी अंगरखा काढून उघड्या अंगाने आत जायचं असतं. अर्धी चड्डी चालत नाही. एक पंचा किंवा उपरणं पिशवीत असलं की लाजणाऱ्यांची सोय होते. दुपारी देऊळ बंद असतं, तेव्हा चारनंतरच जा. रात्री लवकर झोपा.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला आणि बाजार. १६१८ मध्ये पोर्तुगिजांनी बांधलेला आणि पुढे डचांनी वाढवलेला हा किल्ला सिंधुदुर्ग रोज बघणाऱ्यांना आकाराने दिपवणार नाही. तटबंदीचे दगड मात्र जवळून बघा. प्रवाळ आणि चुनखडीचे आहेत, आपल्या जांभ्याचा मागमूस नाही. सगळं जाफना द्वीपकल्प चुनखडीवर बसलेलं आहे. बारमाही नदी एकही नाही, बरीचशी शेती विहिरींवर. हॉटेलातलं पाणी जड लागतं आणि नव्या माणसाचं पोट दुसऱ्या दिवशीच बिघडतं, म्हणून दात घासायलाही बाटलीबंद पाणी वापरा. पाच-पाच लिटरचे कॅन गाडीत ठेवले की स्वस्त पडतं.

किल्ल्याजवळच सार्वजनिक वाचनालय. ३१ मे १९८१ च्या रात्री ते जाळलं गेलं आणि सुमारे ९७ हजार पुस्तकं, त्यात ताडपत्रांची हस्तलिखितं, गेली. युद्ध सुरू होण्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. जाफन्याचा माणूस अनेकदा युद्धाची सुरुवात इथून सांगतो. इमारत पुन्हा तशीच पांढरी उभी केली आहे. ते चालू वाचनालय आहे, प्रेक्षणीय स्थळ नंतर. पर्यटकांना ठरावीक वेळेतच सोडतात आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. चार-पाच जणांच्या तुकड्या करून जा. अभ्यासाला बसलेल्या मुलांच्या डोक्यावर सोळा जणांनी उभं राहणं बरं नव्हे. शिक्षकांना इथे जास्त वेळ द्या, बाकीचे तोवर शेजारचं सांस्कृतिक केंद्र बघतील; भारताच्या मदतीने बांधलेली ती उंच इमारत २०२३ मध्ये लोकार्पित झाली.

दुपारनंतर उत्तर किनारा: कांकेसंतुरै, कीरिमलैचं गोड्या पाण्याचं कुंड, आणि तुमच्या मच्छीमारांसाठी मयिलिट्टी बंदर. १९९० मध्ये पलालीभोवतीची मोठी पट्टी लष्कराने अतिसुरक्षा क्षेत्र म्हणून घेतली आणि गावंच्या गावं उठली. जमीन तुकड्यातुकड्याने परत मिळते आहे, सगळी अजून नाही. मयिलिट्टी २०१७ मध्ये मोकळं झालं, सत्तावीस वर्षांनी. वाटेत घरं दिसतात: छप्पर नाही, दारं-चौकटी काढून नेलेल्या, खिडकीचे गज उपटलेले, स्वयंपाकघराच्या भिंतीतून वडाची मुळी उतरलेली. आत शिरू नका. परसातल्या विहिरी झुडपांनी झाकलेल्या असतात आणि त्या घरांना मालक आहेत, कधी कधी ते शेजारच्याच नव्या घरात राहतात.

बंदरावर बोलणं सुरू झालं की विषय एकच निघतो: तमिळनाडूच्या ट्रॉलर. त्या रात्री पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून येतात, समुद्राचा तळ खरवडतात आणि छोट्या होडीवाल्यांची जाळी तोडून नेतात. श्रीलंकेने तळ-ट्रॉलिंगवर २०१७ मध्ये कायद्याने बंदी घातली; पकडलेल्या बोटी बंदरांत सडताना दिसतात. रापणकर आणि पर्ससीनवाले यांच्यातलं भांडण जवळून पाहिलेल्या मालवणच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. फक्त सुरुवातीलाच सांगा की आपण अरबी समुद्राच्या बाजूचे, महाराष्ट्रातले. नाहीतर "भारतातले मच्छीमार" म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो. सगळ्या सहलीतला सर्वांत मोकळा तास बहुधा हाच ठरतो, तेव्हा त्यानंतर दुसरं काही ठेवू नका.

तिसरा दिवस बेटांचा. नकाशावर डेल्फ्ट बेट खुणावतं, रानटी घोडे आहेत म्हणून. जुलैत ते सोडा. नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो, तासाभराचा प्रवास हेलकावे खात होतो आणि बोट परतली नाही तर तिकडेच मुक्काम. नैनातीवू मात्र घ्या. शहरातून सेतूरस्त्याने कुरिकट्टुवान धक्क्यावर जायचं, तिथून पंधरा-वीस मिनिटांची बोट. बेटावर नागपूषणी अम्मनचं देऊळ आणि थोड्या अंतरावर नागदीप बौद्ध विहार. तमिळ भाविक आणि सिंहली यात्रेकरू एकाच बोटीतून येतात. बोट बसकी असते, बाके खाली असतात, डोकं वाकवून उतरावं लागतं आणि आत भट्टीसारखी धग असते. लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय आपल्या माणसांना बसू देऊ नका. ती एका कोपऱ्यात रचलेली असतात आणि कुणी घालत नाही, म्हणून आपणही घालायची नाहीत, असं करू नका. आजींना मधल्या बाकावर, धक्क्याच्या बाजूला बसवा. पौर्णिमेला जाऊ नका; तिथे प्रत्येक पौर्णिमा ही सार्वजनिक सुट्टी असते, यात्रेकरूंची रीघ लागते, आणि त्या दिवशी देशभर दारूविक्री बंद असते हे गटातल्या काहींना आदल्या दिवशी कळलेलं बरं.

जेवणाबद्दल एकच मोठी सूचना. दक्षिणेकडच्या भाज्यांत आणि संबोल या नारळाच्या चटणीत सुक्या माशाचा चुरा सर्रास पडतो, त्याला उंबलकड म्हणतात. "व्हेज" म्हणून समोर आलेल्या डाळीतही तो असू शकतो. तुमच्यात शाकाहारी असतील तर हॉटेलाला आदल्या दिवशी उंबलकड नको असं स्पष्ट कळवा. जाफन्यात हा घोर कमी, तिथे "सैवम" लिहिलेली निखळ शाकाहारी हॉटेलं आहेत. मासे खाणाऱ्यांनी एकदा कूळ मागवावं: ताडाच्या कोंबांच्या पिठात मासे, कुर्ल्या, झिंगे घालून केलेली दाट पेज. माडाच्या मुलखातल्या माणसाने ताडाचा मुलूख जिभेने ओळखावा तो असा. ताडगूळही चांगला मिळतो. आपल्याकडून हापूस मात्र नेऊ नका. ताज्या फळांना परवानगीशिवाय प्रवेश नाही आणि पेटी विमानतळावरच जाते. आंबापोळी आणि काजू न्या.

चौथा दिवस ए-९ रस्त्याचा, आणि इथे घाई करू नका. जाफना ते अनुराधापूर सुमारे दोनशे किलोमीटर. ताशी सरासरी ४५-५० धरा, थांबे मिळून आठ तास. सकाळी सातला निघालात तर उजेडात पोचता. वावुनियाच्या पुढे संध्याकाळनंतर रस्त्यावर गुरं आणि कधी कधी रानहत्ती येतात, म्हणून साडेसहाच्या आत मुक्काम गाठायचाच.

पहिला कठीण पट्टा मुहमालैचा. युद्धात दोन्ही बाजूंच्या आघाड्या इथे वर्षानुवर्षं समोरासमोर होत्या आणि जगातल्या दाट पेरलेल्या सुरुंगक्षेत्रांपैकी हे एक होतं. रस्ता पूर्ण सुरक्षित आहे. रस्त्याच्या कडेला कवटीचं चित्र असलेल्या लाल पाट्या दिसतात, त्यांच्या पलीकडे नाही. सुरुंग बहुतेक प्लास्टिकचे, धातू नाममात्र, म्हणून यंत्राने पटकन सापडत नाहीत. कामगार, त्यात बऱ्याच बायका, गुडघ्यावर बसून दाताळ्याने माती इंच-इंच ओढत पुढे सरकतात. पुरात सुरुंग जागा बदलू शकतात, त्यामुळे "हा भाग साफ झालाय" हे कुणा वाटसरूचं म्हणणं धरून चालायचं नाही. सुरुंगबंदी करारात श्रीलंका २०१७ मध्ये सामील झाली आणि काम अजून चालू आहे.

गटासाठी याचा व्यवहारातला अर्थ असा: लघवीसाठी गाडी थांबवून झुडपात जायचं नाही. आपल्या पुरुषांची ही सवय मुंबई-गोवा हायवेवर खपते, इथे नाही. जाफन्यातून निघताना सर्वांनी शौचालयात जाऊन यायचं, पुढचा थांबा किलिनोच्चीत, त्यानंतर वावुनियात. ड्रायव्हरला हे वेळापत्रक लिहून द्या. चुकून कुणी आत गेलंच आणि संशयास्पद काही दिसलं तर जागीच उभं राहायचं, ओरडून इतरांना थांबवायचं आणि आलो त्याच पावलांवरून परत यायचं. वस्तू उचलायची नाही, दगड मारून बघायचा नाही.

त्यानंतर एलिफंट पास, तमिळमध्ये आनैयिरवु. द्वीपकल्पाला मुख्य भूमीशी जोडणारी चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूंना खारं पाणी आणि मिठागरं. १९३० चा शिरोड्याचा सत्याग्रह ज्यांनी ऐकला-वाचला आहे त्यांना मिठागराच्या वाफ्यांची ओळख करून द्यायला नको. हा तळ एप्रिल २००० मध्ये एलटीटीईने घेतला आणि जानेवारी २००९ मध्ये लष्कराने परत मिळवला. जुलै १९९१ च्या लढाईतला एलटीटीईचा चिलखती बुलडोझर रस्त्यालगत ठेवलेला आहे. लोखंडी पत्रे जोडून घरगुती पद्धतीने रणगाडा केलेला. त्यावर चढून बाँब टाकणाऱ्या कॉर्पोरल गामिणी कुलरत्नेचं स्मारक शेजारी. पुढे किलिनोच्चीत काँक्रीटच्या ठोकळ्याला तडा देणारी गोळी आणि त्यातून उमललेलं कमळ, असं विजयस्मारक आहे. ही सगळी जिंकणाऱ्यांची स्मारकं. हरलेल्यांची दफनभूमी युद्धानंतर बुलडोझरने सपाट झाली. जाफन्याजवळ कोपायला तर त्या जागेवर लष्करी तळ उभा राहिला. हे तमिळ गाइड गाडीत सांगेल, स्मारकापाशी सांगणार नाही, आणि तुम्हीही तिथे विचारू नका. एकेका ठिकाणी वीस मिनिटं पुरे.

मुल्लैतीवूला, जिथे युद्धाचा शेवट झाला त्या मुळ्ळिवाइक्कालच्या किनाऱ्यावर, बस नेण्याचा हट्ट काही जण धरतात. शेवटच्या महिन्यांत किती नागरिक मेले यावर आजही वाद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या तज्ज्ञ अहवालाने ४० हजारांपर्यंतचा आकडा शक्य मानला, सरकारने तो फेटाळला. माणसं तिथे आपले मृत आठवायला जातात. सात रात्रींच्या सहलीत तिथे डोकावून फोटो काढून निघणं मला मान्य नाही. किलिनोच्ची आणि वावुनियात बेपत्ता झालेल्यांच्या आया २०१७ पासून धरणं धरून बसल्या आहेत; रस्त्याकडेला फोटो लावलेला मांडव दिसला तर बसच्या काचेतून मोबाइल रोखू नका. त्यापेक्षा आतल्या रस्त्यांवरची छोटी पक्की घरं दाखवायला सांगा. भारताच्या मदतीने उत्तर आणि पूर्वेत सुमारे ४६ हजार घरं बांधली गेली, आणि बरीचशी मालकांनी हप्त्याहप्त्याने पैसे घेऊन स्वतःच उभारली.

रेल्वेची हौस असेल तर जाफना-किलिनोच्ची हा तासा-सव्वातासाचा टप्पा आगगाडीने करून बस पुढे बोलावता येते, पण मग मुहमालै आणि एलिफंट पास खिडकीतूनच बघावे लागतील. १९९० मध्ये बंद पडलेला हा मार्ग भारताच्या इरकॉनने पुन्हा घातला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये यालदेवी ही गाडी जाफन्याला पोचली. नोव्हेंबर २०२५ अखेरच्या दितवा चक्रीवादळाने देशभर रूळ आणि पूल उखडले होते, तेव्हा गाड्या कुठून कुठे धावतात याची खात्री तिकीट मागण्याआधी करा.

अनुराधापूरला दोन रात्री. बोधिवृक्ष, रुवन्वेलिसाय स्तूप, तेरा किलोमीटरवरचं मिहिंतले. पांढरे किंवा फिके कपडे, खांदे-गुडघे झाकलेले, टोपी-चपला बाहेर. दुपारी दगड पाय भाजतो, जुने मोजे जवळ ठेवा. सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट निम्म्याच्या आसपास पडतं, पण मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. छायाप्रत चालवून घेतीलच असं नाही. इथे एक रात्र कमी करून त्रिंकोमालीचं कोणेश्वराचं देऊळ घेता येतं, पण मग शेवटचा दिवस सहा तासांच्या गाडीचा होतो. आजींचा विचार करता मी घेणार नाही.

अनुराधापूरहून नेगोंबोला पुट्टलममार्गे उतरा. ऑक्टोबर १९९० मध्ये एलटीटीईने उत्तरेतल्या सुमारे ७५ हजार मुस्लिमांना हुसकावून लावलं, काहींना तर दोन तासांची मुदत देऊन. त्यातले बरेच पुट्टलमच्या आसपास आले आणि तिथेच राहिले. जाफन्यात गाइडने जे सांगितलेलं नसतं ते इथे दुसऱ्या गाइडला विचारता येतं. नेगोंबोत मासळीबाजार सकाळी सहाला. समुद्रकिनाऱ्यावर काथ्याच्या चटयांवर मासे वाळत घातलेले असतात. कटुवापिटियाच्या सेंट सेबॅस्टियन चर्चमध्ये २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टर स्फोटांत प्रार्थनेला जमलेले लोक मारले गेले, तिथे जायचं तर शांतपणे, प्रार्थनेची वेळ टाळून.

पैशांचं थोडक्यात. एका भारतीय रुपयाला साधारण सव्वातीन ते साडेतीन श्रीलंकन रुपये मिळतात. विमानतळावर थोडेच बदला, उरलेले जाफन्यातल्या बँकेत. यूपीआय २०२४ पासून काही दुकानांत चालतं, बोटीच्या धक्क्यावर आणि देवळापाशी नाही. लँड एजंटला पूर्ण रक्कम आधी देऊ नका. खोल्यांची पक्की यादी, म्हणजे रूमिंग लिस्ट, हॉटेलच्या शिक्क्यासह हातात आल्यावरच दुसरा हप्ता. जाफन्यातल्या हॉटेलाला लिफ्ट आणि जनरेटर आहे का, ते त्याच वेळी लिहून घ्या. एकूण खर्चाच्या दहा टक्के वेगळे ठेवा, छोटं विमान रद्द होण्यासाठी. प्रवास विम्यात "युद्ध व दहशतवाद" या कलमाखाली काय वगळलं आहे ते वाचून घ्या आणि रक्तदाब-मधुमेहासारखे आधीचे आजार त्यात धरलेले आहेत का, ते दोन्ही आजींच्या पॉलिसीवर स्वतः तपासा. औषधं मूळ पट्टीत, चिठ्ठीसह. मोफत रुग्णवाहिकेचा क्रमांक १९९० आहे, उत्तरेतही चालतो. तो बसच्या पुढच्या काचेवर आतून चिकटवून ठेवा.